अर्धं अंडं, वर मिरपूड

२७ जानेवारी

खिडकी वाजली की या घरातली सगळी माणसं बहिरी होतात!

आज समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली आणि पोरं नेहमीसारखी फळीवर नाणी आपटायला लागली. चिरंजीव टपालाची रिकामी पिशवी टाकून त्याच खिडकीखाली खुर्चीत पसरलेले. बसल्या जागी हात वर केला असता तरी कडी निघाली असती. पण नाही. मान मागे टाकून हाक मारली, "आई, खिडकी!" मी मागे धुण्यात. कोपरापर्यंत साबण, गुडघा जुन्या बिजागरीसारखा करकरतोय. आले लंगडत. खाऊ विकला. परत गेले. पुन्हा खटखट. पुन्हा "आई, खिडकी!"

म्हटलं, "बाळ्या, सकाळभर लोकांच्या दारांवर थापा मारत फिरतोस, स्वतःच्या घरची थाप तेवढी ऐकू येत नाही?"

"ड्यूटी संपली की कान बंद," म्हणतो. चाळिशी उलटली आणि ही उत्तरं!

हं. आता नमस्कार. नवी वही आहे, रीत पाळायला हवी. बिस्किटांच्या गाडीवाल्याने फुकट दिली. पुठ्ठ्यावर क्रीमच्या बिस्किटाचं चित्र, आत तारखा छापलेल्या. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर एवढी कोरी पानं हातात आली नव्हती. कुणी चोरून वाचेल ही भीती नाही. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

२९ जानेवारी

गाडीवाला आला. तोंड पडलेलं. म्हणाला, "मावशी, पहिल्या तारखेपासून गोड बाटल्या, वेफर्स, क्रीमची बिस्किटं, सगळ्यावर नवा कर. भाव दीडपट. लोकांनी असलं खाऊ नये म्हणून."

"मग लोकांना सांगा की खाऊ नका. माझ्या खिडकीत कशाला हात घालता?"

"मी नाही घातला. वरून आलंय."

"वरून पाऊस येतो. कर माणसं लावतात."

मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "जुन्या भावाने आज भरून ठेवा. पहिल्यापासून नव्या भावाने विका. मधला फायदा तुमचा."

मला पटलं! हा माणूस दिसतो तितका बावळट नाही. घेतलं सगळं. गाडी रिकामी करून गेला, जाताना शीळ घालत होता.

३० जानेवारी

खोकी पलंगाखाली. खोकी कपाटावर. बाटल्या न्हाणीघरात भिंतीला लावून. सूनबाई टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी. "आई, आंघोळीला जाऊ, की आधी यांना विचारू?"

"त्या तुझ्याकडे बघत नाहीत. जा."

नात मात्र खूश. भिंगरी आमची, नऊ वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ. खोक्यांवरून उड्या मारत पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाते. म्हणते, "आजी, आपण श्रीमंत झालो ना?" म्हटलं, परवापासून.

१ फेब्रुवारी

नवे भाव खडूने लिहिले. पोरं आली, वाचली, आणि फळीवर शांतता. असली शांतता मी या खिडकीत कधी ऐकली नव्हती. मग तळहातावर नाणी मोजणं सुरू. एकाने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिघांत मिळून एक बाटली घेतली आणि घोटावरून भांडले.

ती जाड चष्मेवाली मुलगी रोज एक नाणं आणते. एका नाण्याचं छोटं पाकीट यायचं. आज येत नव्हतं. तिने भाव वाचला, पुन्हा वाचला. चुकून तरी बदलेल म्हणून चष्मा पुसून वाचला. मग नाणं मुठीत धरून गेली.

"काल तर एवढ्याला होतं, आजी," कुणीतरी म्हणालं.

"काल गेला. त्याला कर नव्हता."

६ फेब्रुवारी

विक्री अर्ध्यावर. चालायचंच, सवय होईल पोरांना.

११ फेब्रुवारी

नाही झाली सवय.

आणि आज एका खोक्याची तारीख बघितली. मग दुसऱ्याची. मग चष्मा लावून सगळ्यांची. त्या शीळवाल्याने उरलेला माल माझ्या गळ्यात मारलाय! काही पाकिटांची मुदत याच महिन्यात संपते. मी, जी भाजीची जुडी उलटसुलट केल्याशिवाय पिशवीत टाकत नाही, ती मी फायद्याच्या नादात एक तारीख वाचली नाही! पुन्हा येऊ दे त्याला. शीळ घालायचं विसरेल.

१४ फेब्रुवारी

घरचा नियम असा, की विकायला आणलेलं फेकायचं नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी माल खिडकीतून काढायचा आणि घरच्यांनी खायचा. माझ्या सासूबाईंचा नियम. त्या पाव विकायच्या, उरलेला पाव संध्याकाळी ताटात. सासऱ्यांनी जन्मभर ताजा पाव पाहिला नाही. मी नियम तसाच चालवला. आजवर महिन्याकाठी दोन-चार पाकिटं उरायची, सगळ्यांची चंगळ व्हायची.

आज पहिलं अख्खं खोकं ताटात आलं. भाताशेजारी वेफर्स. भिंगरीने टाळ्या पिटल्या.

१५ फेब्रुवारी

वेफर्स.

१६ फेब्रुवारी

वेफर्स. भाजी उरली. भाजीला मात्र मुदतीचा कागद नसतो, ती दुसऱ्या दिवशी वासाने सांगते.

२३ फेब्रुवारी

टीव्हीवर एक शहाणा आला होता. टाय लावलेला. म्हणाला, करामुळे कुटुंबाच्या आहारात सुधारणा होते, लोक भाज्या-फळांकडे वळतात. आम्ही ऐकत होतो. चिरंजीवांच्या मांडीवर मोठं पाकीट, भिंगरीच्या दोन्ही हातांत बिस्किटं, सूनबाई केशरी बाटलीतून ग्लास भरतेय, कारण तिची मुदत उद्या. सूनबाई म्हणाली, "आई, या गृहस्थांना एकदा आपल्याकडे जेवायला बोलवा."

हसून हसून माझी कवळी निसटली.

खरं सांगायचं तर कर लागल्यापासून आम्ही घरची माणसं जितकं खातोय तितकं हे घर उभं राहिल्यापासून खाल्लं नसेल. पोरांना परवडत नाही म्हणून उरतं, आणि उरतं म्हणून आम्ही गिळतो. कर त्यांच्यावर, चरबी आमच्यावर!

२ मार्च

आज एक बाटली विकली. आम्ही तीन प्यालो.

७ मार्च

आज रामायण घडलं. आधी चिरंजीवांची टपालाची पँट. सूनबाई कपड्यांची दुरुस्ती करते. उसवायचं, आवळायचं, सैल करायचं. गल्लीतल्या सगळ्यांच्या कमरा तिला पाठ. आज तिने पँट टेबलावर आपटली.

"तिसऱ्यांदा सैल केली. आता आत कापडच शिल्लक नाही. यापुढे वाढायचं असेल तर टपाल खात्याला सांग, आठवड्याला नवी द्या."

"उकाड्याने फुगलोय," चिरंजीव म्हणाले.

"उकाड्याने माणूस वाळतो!"

तेवढ्यात भिंगरी गाल धरून आली. दाढ. दाताच्या डॉक्टरकडे नेली. डॉक्टर तोंडात बॅटरी घालून विचारतो, "बाळ, जेवणात काय असतं?" आणि ही कार्टी तोंड उघडं ठेवून सगळी यादी म्हणते. खाऊ, बाटल्या, नावानिशी. डॉक्टर माझ्याकडे बघतोय, मी भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघतेय.

घरी आल्यावर सूनबाईने सांगून टाकलं. तिला पुढच्या खोलीतला खिडकीचा उजेड हवा आहे. मागच्या खोलीत मशीनवर बसून तिचे डोळे जातायत. "खिडकी स्वतःचं काही कमवत असेल तर ठेवा, आई. पण ती आता आपल्यालाच खातेय. भिंत लिंपून घेऊ, वर मोठी काच बसवू, खाली माझं मशीन."

मीच म्हटलं, "ठीक. एप्रिलचं विजेचं बिल खिडकी भरेल. सगळं. नाही भरलं तर लिंपा."

"नक्की?"

"मी कधी कच्चं बोलते का?"

बोलून तर गेले. खिडकी म्हणजे तसं काय, तर भिंतीला भोक. यांनी कापलं, हयात असताना. सुताराचा हात, पण जन्मात एक काम सरळ केलं ते हे. तीस-पस्तीस वर्षं त्या फळीवर कोपर टेकून उभी आहे मी. कुणाकडे हात पसरला नाही. मुलाकडे नाही, सुनेकडे नाही. ती फळी गेली तर मी कुठे टेकू? पलंगावर? मग माझी मुदत कोण बघणार?

नको ते लिहितेय. झोपते आता.

१९ मार्च

आता बघ हं, काय झालं.

संध्याकाळचं माझं खाणं म्हणजे एक उकडलेलं अंडं. कवळीला वेफर्स झेपत नाहीत, म्हणून तर या सगळ्या गोंधळात मी एकटी सडपातळ राहिले. शाळा सुटायच्या वेळी खिडकीत बसूनच खाते. सुरी सापडेना, म्हणून सूनबाईच्या डब्यातला जाड दोरा घेतला, खिडकीच्या दोन खिळ्यांना ताणून बांधला आणि अंडं वरून दाबलं. झालं! दोन अर्धी, आरशासारखी गुळगुळीत. माझी आई असंच कापायची. वर मीठ, मिरपूड.

मान वर केली तर चष्मेवाली. नाक फळीवर.

"आजी, ते केवढ्याला?"

"हे माझं खाणं आहे."

"अर्धं?"

आणि मुठीतलं नाणं फळीवर ठेवलं. ते नाणं गेला दीड महिना कुठेच चालत नव्हतं. घरून रोज मिळतं, रोज परत नेते. दिलं अर्धं. तिने आधी पांढरं खाल्लं, चारी बाजूंनी कुरतडत, मग पिवळा गोळा अख्खा तोंडात. डोळे मिटून! तेवढ्यात मागे आणखी तिघं उभी.

"आजी, पुन्हा कापून दाखवा ना!"

घरातली सगळी अंडी गेली. सूनबाई आमच्या जेवणासाठी शोधत होती. म्हटलं, विकली. "कच्ची?" नाही, उकडून. "आणि माझा दोरा?" तोही कामावर आहे.

२० मार्च

अंडीवाल्याकडून दोन ट्रे आणले. सगळी गेली! अंड्यावर कर नाही. विचारून आले चार जणांना. कुणाच्याच मनात अजून तसं आलेलं नाही.

२४ मार्च

पोरांना अंड्यापेक्षा दोरा आवडतो. अंडं दोऱ्यावर ठेवलं की सगळे श्वास धरतात, दोन तुकडे पडले की "होऽऽ!" अशी सर्कस मला आधी का नाही सुचली? ज्याचं अर्ध्यातलं पिवळं मोठं निघतं तो त्या दिवसाचा राजा.

आज काकडीही मांडली. तीही अर्धी. केळंही अर्धं. एक नाणं, एक अर्धं, असा भाव. खडूने लिहायचीसुद्धा गरज नाही. रताळी उकडली, त्यांचे दोन भाग करताना दोरा तुटला. सूनबाईला सांगितलं नाही.

२९ मार्च

सासूबाईंचा नियम चालूच आहे. उरलं ते घरात. त्यामुळे ताटात आता अर्धी काकडी, अर्धं केळं, दोन अर्धी अंडी ज्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. चिरंजीव ताटाकडे बघत बसले.

"आई, या घरात अख्खं काही मिळेल का?"

"तू आहेस ना अख्खा. पुरतोस."

भिंगरी पिवळं खाते आणि पांढरं बापाच्या ताटात टाकते. दाढ दुखत असेल, बिस्किटाचं नाव काढत नाही. आणि भाजी संपते. वेफर्स नाहीत तर माणसं भाजीकडे बघतात तरी. टायवाला इतकंच सांगत होता, पण त्याला सासूबाई ठाऊक नव्हत्या.

५ एप्रिल

गाडीवाला आला. मी वाटच बघत होते. बाह्या सरसावल्या.

"मावशी, माल लागेल ना?"

"ये ना, जवळ ये. तारखा वाचता येतात तुला?"

तो मागे सरकला. मी त्याला उभ्या आयुष्यात ऐकायला मिळालं नसेल ते ऐकवलं, पोरांसमोर. पोरं टाळ्या वाजवतायत! शेवटी उरलेली खोकी परत घेतो म्हणाला, बदल्यात नवा माल घ्यायला नको. मग गाडीत बसायच्या आधी अंड्याकडे बघून थांबला. सकाळपासून उपाशी होता म्हणे. दिलं एक. अख्खं. नाणी मात्र दोन घेतली.

न्हाणीघर मोकळं झालं. सूनबाई आत गाणं म्हणत होती. तिला गाता येत नाही हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल

चिरंजीवांची पँट आत घेतली! एक शिवण, पण घेतली. सूनबाईने पिना तोंडात धरून मला खूण केली. दोघीही त्याच्यासमोर काही बोललो नाही. त्याचं डोकं फुगलं तर तेवढं आत घेता येत नाही.

पैशांच्या डब्यात बऱ्यापैकी जमलंय. असंच चाललं तर बिल निघतं.

१५ एप्रिल

घात झाला.

शाळेच्या मोठ्या बाईंनी प्रार्थनेला फर्मान काढलं. मधल्या सुट्टीत कुणीही रस्ता ओलांडून खिडकीवर जायचं नाही. भिंगरीने येऊन सांगितलं, तोंड एवढंसं करून. "आजी, मोठ्या बाई म्हणाल्या, घंटा झाली तरी पोरं अंडं बघत उभी राहतात. आणि गणिताच्या वह्यांना पिवळं लागतं."

पंधरा दिवस राहिलेत महिन्याचे! खरी विक्री मधल्या सुट्टीतच. उद्या जाते मी तिकडे. बघते कोण मोठं ते.

१६ एप्रिल

गेले. कंबर कसून गेले. समोर तर आहे, रस्ता ओलांडला की फाटक. इतकी वर्षं त्या फाटकाकडे बघत बसले, आत आजच पाऊल टाकलं. मोठ्या बाईंच्या खोलीत मला खुर्ची दिली ती पहिलीच्या पोरांची. गुडघे कानाला लागले. त्या तिकडे उंच खुर्चीत. भांडायला हा कोन बरोबर नाही. म्हणून मी उठून उभी राहिले.

"आजी, तुमच्यामुळे माझी पोरं घंटा ऐकत नाहीत."

"घंटेला मीठ-मिरपूड लावून बघा."

ओठ हलले त्यांचे. पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी रोज वरच्या मजल्यावरून बघते, तुमच्या खिडकीत काय चालतं ते."

"बघता ना? मग कधीतरी यायचं नाणं घेऊन. बघण्याचे पैसे मी लावत नाही, पण लावायला हवेत."

"वर्षानुवर्षं बाटल्या विकत होतात, तेव्हाही बघत होते."

याला माझ्याकडे चोख उत्तर होतं. पण तेवढ्यात घंटा झाली.

मी निघाले. निघताना पिशवीतून अर्धं अंडं काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, तुम्ही बंदी कशावर घातलीत ते तरी चाखा. त्यांनी विचारलं, "एका वेळेला जास्तीत जास्त किती अंडी उकडू शकता?" मी म्हटलं, पातेलं केवढं आहे त्यावर आहे. "बरं," म्हणाल्या. "कळवते." काय कळवते? कधी? मोठी माणसं ताकास तूर लागू देत नाहीत.

२१ एप्रिल

काही कळवलं नाही. मधली सुट्टी होते, पोरं फाटकाच्या गजांना लटकून माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. मधे रस्ता. चष्मेवालीने गजांतून नाणं दाखवलं. मी दोरा दाखवला.

शाळा सुटल्यावर येतात, पण बसगाडी चुकेल म्हणून पळतात.

२६ एप्रिल

पाऊण बिल जमलं. चार दिवस.

चिरंजीव आज ताटावर म्हणाले, "आई, कमी पडणारे पैसे मी टाकू का डब्यात गुपचूप? तिला कळणार नाही."

"मला कळेल की! गप जेव. आणि ते पांढरं संपव."

वेडा आहे. खिडकी उघडायला उठत नाही, पण खिडकीसाठी बायकोशी लबाडी करायला तयार.

३० एप्रिल

हरले. बिल सूनबाईने भरलं. मी डबा तिच्यासमोर ठेवला, जमलं होतं ते सगळं. तिने घेतलं नाही. नियम तो नियम, मीच बोलले होते. कडी लावली. दोरा खिळ्यावरून सोडवून तिच्या डब्यात परत ठेवला, तर तो दोन ठिकाणी गाठी मारलेला. तिने बघितलं. डब्याचं झाकण लावलं.

आज अंडं खावंसं वाटेना.

१ मे

सकाळी उठले तर सूनबाई टेप घेऊन खिडकीचं माप घेतेय! मी चहासुद्धा घेतला नव्हता. म्हटलं, "घाई बघा! निदान मला तोंड धुऊ दे, मग लिंपा."

ती खुर्चीवर उभी, टेप दातात धरलेली. काढली. "आई, खिडकी उघडली की फळी आत खाली पडते ना, ती मशीनच्या चाकाला लागू नये. म्हणून बघतेय. चार बोटं जागा राहते. मशीन बसेल खाली, आणि त्याच्या वर फळी उघडेल."

"म्हणजे?"

"म्हणजे लिंपायचं नाही. मला उजेड हवा होता, भिंत नको होती. काल त्या पोरांनी गजांतून हात हलवले, ते मी मागच्या खोलीतून बघत होते. पण एक सांगते. मी मशीनवर असले की पोरांसाठी उठणार नाही. एकदा सुई चालू झाली की झाली."

"आधी सांगता आलं नाही? रात्रभर कूस बदलत होते मी!"

"तुम्ही कच्चं बोलत नाही ना. म्हटलं, महिना पुरा होऊ दे." आणि हसली. माझ्याच जातीची निघाली ही. कुणी दिली हो मला अशी सून!

चहा घेतला. दोन कप.

४ मे

मोठ्या बाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या. त्या नव्या कराच्या पैशातून शाळेला जेवणाची खोली मिळालीय. पोरांना मधल्या सुट्टीत खाणं, नाणं न घेता. चुली मोठ्या, पातेली न्हाणीघराएवढी. चालवायला बाई हवी, पगारावर. त्यांना माझंच नाव सुचलं! माझ्याच बाटल्यांवर कापलेले पैसे रस्ता ओलांडून गेले आणि मला न्यायला परत आले. हो म्हटलं. अट एकच, तिथेही दोरा बांधणार. आणि उरलं तर आमच्या ताटात.

यंदा शाळेला सुट्टी उशिरा आहे, तेव्हा उद्यापासूनच मी पलीकडे. सूनबाई मशीनवर, तिला उठवायचं नाही. भिंगरी शाळेत. तेव्हा खिडकी वाजली की चिरंजीवांनी उठायचं. ऐकू आलं नाही, तर मी फाटकातून ओरडेन: "बाळ्या, खिडकी!"